विक्रांतचे लोखंड

सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक लहानसा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर चार लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक ग्राइंडर आणि पावसाळ्यात हमखास गळणारे पत्र्याचे छप्पर. पंपांचे शाफ्ट आणि बुश आम्ही करून देतो. वाचकांपैकी जे कधी उज्जैनला मोटारीने गेले असतील ते बाणगंगेच्या पुढे आमच्या फाटकावरून अनेकदा गेले असतील. लक्षात राहावे असे तेथे काही नाही. तथापि गेली दोन-तीन वर्षे त्या फाटकाशी एक मोटारसायकल उभी असते, आणि तिच्यापासूनच ही हकीगत सुरू करणे आम्हांस भाग आहे.

मोटारसायकल आमच्या एका फिटरची. त्याने ती जुनी विकत घेतली. बजाज कंपनीने २०१६ साली ही गाडी बाजारात आणली तेव्हा तिच्यात 'विक्रांत' या विमानवाहू नौकेचे लोखंड वापरले असल्याचे जाहीर केले होते. त्या बिचाऱ्याला याचे विशेष काही नाही. गाडी किती चालते आणि सुटे भाग कोठे मिळतात एवढाच त्याचा प्रश्न. पण आमचा भाचा जेव्हा जेव्हा कारखान्यात येई, तेव्हा आधी त्या गाडीच्या टाकीवर हात ठेवी आणि मग आत येई. देवळाच्या पायरीला हात लावावा तसा. आम्ही हसत असू. मुलांच्या अशा खुळांकडे आपण हसण्यावारी पाहतो आणि तेथेच फसतो.

हे खूळ त्याच्या डोक्यात घालणारे आम्हीच, हे मात्र कबूल केले पाहिजे. २०१० च्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब मुंबईस गेलो होतो. धाकटी बहीण, तिचे यजमान आणि हा सात वर्षांचा मुलगा बरोबर होते. विक्रांत त्या वेळी निवृत्त होऊन संग्रहालय झाली होती. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झालेली ही नौका ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. पुढे काही वर्षे लोकांना ती आत जाऊन पाहता येत असे. २०१२ नंतर तेही बंद झाले आणि २०१४ साली ती मोडीत निघाली. आम्ही गेलो तेव्हा मुलगा आधी कंटाळला होता, पण वरच्या डेकवर आल्याबरोबर त्याने विचारले, "मामा, विमान इथून उडतं? मग रस्ता कुठे आहे?"

प्रश्न अगदी बिनतोड होता. नौकेची लांबी सुमारे २१३ मीटर. इंदूरच्या विमानतळावरची धावपट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे अंतर किती अपुरे आहे ते सांगावयास नको. वाफेच्या जोराने चालणारी एक गोफण विमानाला पुढे फेकते, आणि परतणारे विमान आपल्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकवून जागच्या जागी थांबते. तार चुकली तर पुन्हा आकाशात. इंधन असेल तर. आम्ही आपल्या परीने मुलाला हे समजावून दिले. परत आल्यावर त्याने कारखान्याच्या फाटकापासून पावले मोजली आणि जाहीर केले की विक्रांत आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत आहे. तेव्हापासून आमच्या घरात त्या अंतराला 'विक्रांत' असेच नाव पडले. "दोन विक्रांत चालून या, भूक लागेल," असे आमची सौ. त्याला म्हणत असे.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस एके दिवशी दुपारी तो कारखान्यात आला तो टाकीला हात न लावता सरळ आत. हातात एक लिफाफा. अभियांत्रिकीची पदवी झाली होती, पुण्याच्या एका कंपनीत नोकरी ठरल्यासारखीच होती. आणि आता हा सांगत होता की नौदलाच्या निवड मंडळाने त्याला वैमानिक म्हणून घेतले आहे. परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी, सारे त्याने घरात न कळवता पार पाडले होते. भोपाळला मित्राकडे जातो म्हणून जे जाणे झाले ते तेथे नव्हतेच. लिफाफ्यातल्या कागदांपैकी एकावर पालकाची सही हवी होती.

"आईशी तुम्ही बोला, मामा. तुमचं ती ऐकते."

त्याच्या वडिलांचा प्रश्न नव्हता. आमचे मेहुणे बँकेतून निवृत्त झालेले अत्यंत सज्जन गृहस्थ. गेल्या तीस वर्षांत त्यांनी 'तुमच्या आईला विचारा' याहून वेगळा निर्णय दिल्याचे आम्हांस आठवत नाही.

आम्ही त्याला विचारले, विमानच उडवायचे तर प्रवासी विमाने काय थोडी आहेत? त्यावर त्याने लेथच्या बाजूच्या स्टुलावर बसून जे सांगितले ते आम्ही काम थांबवून ऐकले. तो एका अमेरिकन वैमानिकाची गोष्ट सांगत होता.

मायकेल एस्टोसिन हे त्याचे नाव. अमेरिकन नौदलात लेफ्टनंट कमांडर. व्हिएतनामच्या युद्धात 'टिकॉन्डेरोगा' या विमानवाहू नौकेवरून तो स्कायहॉक जातीचे एक आसनी विमान उडवीत असे. त्याचे काम मोठे चमत्कारिक होते. हैफाँग बंदराभोवती विमानविरोधी क्षेपणास्त्रांची ठाणी होती. बाकीची विमाने बाँब टाकावयास जात. एस्टोसिन त्यांच्या पुढे जाई तो त्या ठाण्यांचे लक्ष आपल्याकडे वेधून घ्यावयास. ठाण्याचे रडार एखाद्या विमानाचा माग घेऊ लागले की त्याच्या लहरी त्या विमानात समजतात. त्या लहरींच्याच वाटेने उलट जाऊन रडारवर आदळणारे 'श्राइक' नावाचे क्षेपणास्त्र त्याच्याजवळ असे. रडार चालू राहिले तर श्राइक त्याचा नाश करणार, आणि बंद केले तर ठाणे आंधळे होणार. दोन्ही प्रकारे मागच्यांची वाट मोकळी. मात्र त्यासाठी रडारने आधी एस्टोसिनला पाहिले पाहिजे, त्याच्यावर नेम धरला पाहिजे. अमेरिकन नौदलात या कामगिरीला 'लोखंडी हात' असे नाव होते.

२० एप्रिल १९६७ रोजी हैफाँगच्या वीज केंद्रांवर हल्ला होता. एस्टोसिनने तीन ठाणी निकामी केली. एक क्षेपणास्त्र जवळ फुटून त्याच्या विमानाला मोठी इजा झाली. तो मागे फिरला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता. तो पुन्हा त्याच जागी गेला, आणखी एक श्राइक सोडून परत निघाला, तेव्हा पाच मिनिटेही पुरणार नाही इतके इंधन उरले होते. इंधन देणारे दुसरे विमान त्याला येऊन मिळाले. टाकी फुटल्यामुळे नळी जोडलेलीच ठेवून शंभर मैलांहून अधिक अंतर दोघे तसेच आले. नौका तीन मैलांवर राहिली तेव्हा त्याने नळी सोडली. दुसऱ्यांदा प्रयत्न करण्याइतके इंधन नव्हते. जळते विमान त्याने पहिल्याच फेरीत डेकवर आणून तारेत अडकवले.

"आणि सहा दिवसांनी," भाचा म्हणाला, "तो परत तिथेच गेला."

२६ एप्रिलला तेलाच्या साठ्यांवरचा हल्ला होता. या वेळी क्षेपणास्त्र जवळ फुटून विमान पेटले. त्याने ते सावरले, आपली श्राइक सोडली, आणि मग वळला. तो नौकेवर पोचला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा छत्तिसावा वाढदिवस होता. तो पकडला गेला असावा असे प्रथम वाटले. दहा वर्षांनी, १९७७ साली, त्याला मृत ठरवण्यात आले आणि १९७८ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान त्याला मरणोत्तर दिला गेला.

आम्ही म्हटले, बाबा रे, ही लोकांची गोष्ट झाली. आणि ते युद्ध योग्य की अयोग्य याबद्दल त्याच्या देशातल्या लोकांचेच अजून एकमत नाही. तुझा या एस्टोसिनशी संबंध काय? त्यावर तो म्हणाला, "संबंध फाटकाशी उभा आहे." आणि बाहेर बोट दाखवले.

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. त्या रात्री घरी आल्यावर आम्ही जुनी पुस्तके काढली. १९७१ च्या डिसेंबरात आम्ही तिसरीत होतो. वडील रात्री रेडिओला कान लावून बसत आणि 'कॉक्स बाजार' हे नाव ऐकून आम्हांस ते एखादे कपड्यांचे मार्केट वाटले होते, एवढेच आठवते. खरी हकीगत आम्ही पुढे वाचली. आणि ती वाचताना, आमच्या धंद्यामुळे असेल, आमचे लक्ष वैमानिकांच्या आधी बॉयलरवर गेले.

विक्रांतला चार बॉयलर. त्यांपैकी एकाच्या पाण्याच्या पिंपाला चिरा पडल्या होत्या. वाफ कमी म्हणजे वेग कमी. आणि गोफणही वाफेवरच चालणार. विमान वाहून नेणाऱ्या नौकेने वाऱ्याच्या तोंडी वेगाने धावले पाहिजे, तरच डेकवरून सुटणाऱ्या विमानाला पंखाखाली पुरेसा वारा मिळतो. बंगालच्या उपसागरात डिसेंबरात वारा तसा पडलेलाच. अशा स्थितीत ही नौका बंदरातच ठेवावी असे म्हणणारे लोक होते, आणि त्यांचे म्हणणे हिशेबाने बरोबरच होते. १९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी गोदीत होती. नौदलाला ते लागून राहिले होते. अॅडमिरल नंदा आणि पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी ती पाठवावयाचे ठरवले. चिरलेल्या पिंपाशेजारी दिवसरात्र उभे राहून वाफ टिकवणारे जे लोक त्या नौकेच्या पोटात होते त्यांची नावे आपण कधी ऐकली नाहीत. चाळीस वर्षे लेथवर काढलेल्या माणसाला त्यांच्याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटले तर वाचकांनी क्षमा करावी. फुटक्या मशिनवर पाळी काढणे म्हणजे काय असते ते ज्याने काढली त्यालाच कळते, आणि येथे तर मशीन फुटले असते तर समुद्रात फुटले असते.

विक्रांतवर 'सी हॉक' विमानांची ३०० क्रमांकाची तुकडी होती. तिचे नाव 'व्हाइट टायगर्स', म्हणजे पांढरे वाघ. पांढरा वाघ म्हटले की आपणा मध्य प्रदेशच्या लोकांना रीवा आठवते. १९५१ साली रीव्याच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या पांढऱ्या वाघाची गोष्ट आमच्या पिढीने शाळेत ऐकली आहे. असो. ही विमाने त्या काळीही जुनीच म्हणावी लागतील. एक इंजिन, एक वैमानिक, पुढे २० मिलिमीटरच्या चार तोफा, पंखाखाली बाँब किंवा रॉकेट. आवाजाच्या वेगाने ती जात नसत. ब्रिटिश नौदलाने ती केव्हाच आघाडीवरून काढली होती. तुकडीचे प्रमुख होते लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता, आणि नौकेचे कॅप्टन स्वराज प्रकाश.

४ डिसेंबर १९७१ च्या सकाळी आठ सी हॉक विक्रांतवरून निघाली आणि त्यांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला केला. विक्रांतला बुडवण्यासाठी आलेली 'गाझी' ही पाणबुडी आदल्या रात्रीच विशाखापट्टणमच्या तोंडाशी तळाला गेली होती. तिला हवी असलेली विक्रांत तेव्हा दूर अंदमानच्या बाजूला होती. दुपारी चितगाव. पुढे दहा दिवस खुलना, मोंगला, बारिसाल. भारतीय वायुसेनेने ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी फोडून शत्रूची सेबर विमाने जमिनीवर खिळवून ठेवली होती, हे येथे सांगितले नाही तर अन्याय होईल. त्यामुळे सी हॉकना आकाशात कोणाचे भय नव्हते. भय होते ते खालून येणाऱ्या गोळ्यांचे.

आणि तेथे एस्टोसिनजवळ होते तसले काही गुप्तांजवळ नव्हते. लहरींचा माग काढणारे क्षेपणास्त्र नाही, लांबून सोडून वळण्याची सोय नाही. विमानविरोधी तोफेचे तोंड बंद करावयाचे तर नाक खाली करून तिच्यावरच झेप घ्यावयाची. तोफ चालवणाऱ्याच्या दृष्टीने बाजूने जाणाऱ्या विमानावर नेम धरणे कठीण. सरळ अंगावर येणारे विमान जागेवरून हलत नाही, फक्त मोठे होत जाते. वैमानिकाला नेम धरण्यासाठी जी काही क्षण स्थिरता हवी, तीच तोफवाल्यालाही हवी असते. दोघांनाही तोच वेळ मिळतो. गुप्तांनी अशा अकरा हल्ल्यांचे नेतृत्व केले. एका हल्ल्यात त्यांच्या विमानाला तोफेचा मारा लागला. तरीही हल्ला पुरा करून, आपल्या सोबत्यांना घेऊन ते परतले आणि इजा झालेले ते विमान त्यांनी विक्रांतच्या डेकवर उतरवले. एका इंजिनाचे विमान, खाली समुद्र, पुढे तेवढेच अंतर. फाटकापासून टपरीपर्यंत.

त्यांना महावीर चक्र मिळाले, स्वराज प्रकाश यांनाही मिळाले, आणि नौकेवरच्या बारा जणांना वीर चक्र. गुप्ता पुढे रिअर अॅडमिरल झाले. आपण ४ डिसेंबरला नौदल दिन पाळतो तो त्या रात्रीच्या कराचीवरील हल्ल्याच्या आठवणीसाठी, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या समुद्रात काय झाले ते त्यामुळे झाकले जाते असे आम्हांस नेहमी वाटते.

एवढी तयारी करून रविवारी आम्ही रामबागेत बहिणीकडे गेलो. भाचा दारातच होता. तिने पोहे केले होते. आम्ही गुप्तांची हकीगत सांगितली, बॉयलरची सांगितली, भाच्याने मधूनमधून भर घातली. ती ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "दादा, दमयंती तांबे आठवतात?"

आमची बहीण शाळेत आणि पुढे महाविद्यालयात बॅडमिंटन खेळत असे. तिच्या वेळच्या खेळणाऱ्या मराठी मुलींना हे नाव माहीत होते: पूर्वाश्रमीच्या दमयंती सुभेदार, राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांचे यजमान फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे वायुसेनेत. ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातील शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ला करताना त्यांचे सुखोई विमान विमानविरोधी तोफेने पडले. लग्नाला दीड वर्ष झाले होते. त्या दिवसांत ढाक्याच्या एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली, तिच्यात त्यांच्या नावाशी मिळतेजुळते नाव होते. युद्धकैदी परत आले तेव्हा ते आले नाहीत. २००७ साली बेपत्ता जवानांच्या नातेवाइकांचे पथक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. हाती काही लागले नाही.

"गेला म्हणून कळलं तर माणूस रडतो, तेरावं करतो," बहीण म्हणाली. "त्या बाईंनी काय करायचं होतं? तुझ्या त्या अमेरिकनाच्या घरच्यांनी दहा वर्षं काय केलं असेल? हे कुणी लिहीत नाही."

खरेच कोणी लिहीत नाही. आम्ही जी पुस्तके चाळली त्यांतही नव्हते. आम्हांस एकदम आठवले की याच युद्धात १० डिसेंबरला पश्चिमेच्या समुद्रावर नौदलाचे एक संथ चालीचे अलिझे विमान शत्रूच्या लढाऊ विमानाने पाडले. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि त्यांचे दोन सोबती त्यातून परत आले नाहीत. हे तेथे बोलण्यासारखे नव्हते. आणि मग आम्ही जे केले ते आज लिहितानाही बरे वाटत नाही. बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहून आम्ही म्हणालो की पुण्याची नोकरी काही वाईट नाही. वर्षभर करून पाहावी, मग विचार करावा. भाच्याने आमच्याकडे पाहिले. काही बोलला नाही. पोह्यांची बशी तशीच ठेवून तो वर निघून गेला. पुढच्या वर्षी त्याचे वय बसणार नव्हते, हे त्याने आम्हांस कारखान्यात सांगितले होते. आम्ही ते विसरलो नव्हतो.

आठ दिवस तो कारखान्याकडे फिरकला नाही. सौ.ने एवढेच म्हटले, "सांगायला गेलात एक आणि सांगून आलात भलतंच." फिटरची मोटारसायकल रोज दिसे. आम्ही नजर चुकवून आत जात असू.

त्या आठवड्यात पुण्याहून आलेल्या एका नातेवाइकाने दिलीप परुळकर यांच्याविषयीची वर्तमानपत्रातली कात्रणे आणली. ग्रुप कॅप्टन परुळकर २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात वारले. तेही १० डिसेंबर १९७१ लाच पडले होते. झफरवालजवळच्या रडार केंद्रावर हल्ला करावयास गेले असता त्यांचे विमान तोफेने पाडले. रावळपिंडीच्या छावणीत कैदी असताना १९७२ च्या ऑगस्टात ते, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे भिंतीला भोक पाडून निसटले. पेशावरच्या पुढे लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाण सरहद्द चार-पाच मैलांवर राहिली होती. तेथे त्यांनी लंडी खाना स्टेशनला जाण्याचा रस्ता विचारला. नकाशावर ते स्टेशन होते; प्रत्यक्षात तेथे जाणारी आगगाडी १९३२ सालीच बंद झाली होती! जुन्या नकाशाने घात केला. तरी चौकशीत परुळकरांनी असा काही आव आणला की तेथल्या लोकांनी त्यांना आपल्या जुन्या छावणीप्रमुखाशी फोनवर बोलू दिले, आणि आपण कोण आहोत हे योग्य माणसाला कळवून तिघांनी आपले प्राण वाचवले. वर्षअखेरीस ते परत आले.

आम्ही ती कात्रणे बहिणीला पाठवली. चिठ्ठी जोडली नाही. आपली बाजू मांडावी असा आमचा हेतू होता असे म्हणवत नाही. कदाचित फक्त, एक तरी परत आलेला माणूस तिच्यासमोर ठेवावा, एवढेच. तिने ती वाचली की नाही ते तिने कधी सांगितले नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळी तिचा फोन आला. सांवेरला जायचे होते. "येतोस का बरोबर? याला पण घेतलं आहे."

सांवेरचे उलटे हनुमान मालव्यात सर्वांना माहीत आहेत. शेंदूर माखलेली मूर्ती, डोके खाली. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेले तेव्हा त्यांना सोडवण्यासाठी मारुती येथूनच पाताळात शिरला अशी तेथली श्रद्धा आहे. खाली जायचे म्हणून डोके आधी. त्या कथेत दारावर पहारा आहे, आणि आत अहिरावणाचा प्राण असलेले पाच दिशांचे पाच दिवे आहेत, ते एकाच वेळी विझवले तरच वाट मोकळी होणार. लहानपणापासून ही कथा आम्ही ऐकत आलो. त्या दिवशी गाभाऱ्यासमोर भाचा बराच वेळ मूर्तीकडे मान वाकडी करून पाहत होता. मग बहीणही तशीच मान वाकडी करून पाहू लागली. नारळ फोडून झाल्यावर ती बाहेर ओट्यावर बसली आणि पिशवीतून तो कागद काढला.

सही केलेली होती. आदल्या रात्रीचीच असावी; शाई वाळलेली.

"मी इथे ठेवून घेतला तरी तो इथे नसेल," ती आम्हांस म्हणाली. भाच्याला काही म्हणाली नाही, नुसता कागद दिला. त्याने तो वाचला, दोनदा वाचला, आणि वाकून नमस्कार केला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. आम्ही चपला शोधण्याच्या निमित्ताने दूर गेलो. रविवारच्या त्या दिवसाबद्दल भाच्याजवळ काय बोलावे ते आम्हांस सुचत नव्हते. ते त्यानेच सोपे केले. चपला घालताना म्हणाला, "मामा, पोहे राहिले होते माझे."

परतताना कारखाना वाटेतच. फाटकाशी मोटार थांबली तेव्हा मुलाने सवयीने त्या मोटारसायकलच्या टाकीवर हात ठेवला. बहीण उतरली आणि तिने विचारले, "ते तुमचं विक्रांत म्हणतात ते कुठून कुठपर्यंत?"

त्याने टपरी दाखवली. ती चालू लागली. उन्हात, पदर डोक्यावर घेऊन, मालमोटारींच्या कडेने, पावले मोजत. टपरीपाशी पोचली, वळून फाटकाकडे पाहिले, आणि तशीच परत आली.

"एवढ्यात थांबतं?"

"एवढंही नसतं, आई. तारा अलीकडेच असतात," असे म्हणून तो खडूने आमच्या फाटकाच्या पत्र्यावर डेकची आकृती काढू लागला. आम्ही पोऱ्याला चार चहा सांगितले.